युगांडातील किडेपो व्हॅली राष्ट्रीय उद्यान : लसीकरण, व्हिसा आणि प्रवेशाची प्रक्रिया

युगांडाच्या ईशान्य टोकाला, करामोजा प्रदेशात, दक्षिण सुदानच्या सीमेलगत 1,442 चौरस किलोमीटरचे किडेपो व्हॅली राष्ट्रीय उद्यान आहे. केनियातील मसाई मारा अभयारण्यासारखी जीपगाड्यांची गर्दी येथे नसते, आणि कोरड्या हंगामात नारूस खोऱ्यातील उरल्यासुरल्या पाण्याभोवती रानम्हशींचे कळप एकवटतात. मुंबईहून युगांडाच्या एंटेबे विमानतळाला थेट विमानसेवा 2023 मध्ये सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातील पर्यटकांची सोय झाली आहे.

मात्र तयारीची सुरुवात विमानाच्या तिकिटाने नव्हे, पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीने करावी, कारण युगांडाच्या ऑनलाइन व्हिसा अर्जालाच लसीकरणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ही लस केवळ शासनमान्य केंद्रांत, ठरलेल्या वारी आणि पूर्वनोंदणी करूनच मिळते. प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेत पासपोर्ट क्रमांक लिहिला जातो, त्यामुळे पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण उरकावे आणि नावाचे स्पेलिंग तेथेच, टेबलासमोर उभे असतानाच तपासून घ्यावे. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून 10 दिवसांनी ग्राह्य ठरते आणि पुढे आयुष्यभर चालते. गर्भवती, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि साठीपुढील प्रवासी यांनी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

व्हिसासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, छायाचित्र आणि वरील प्रमाणपत्र लागते. एकदा प्रवेशाच्या पर्यटक व्हिसाचे शुल्क 50 अमेरिकी डॉलर आहे. केनिया किंवा रवांडाही पाहायचे असल्यास 100 डॉलरचा, 90 दिवसांचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा परवडतो. त्याचा अर्ज ज्या देशात प्रथम उतरणार त्याच देशाकडे करावा. टांझानिया त्यात मोडत नाही. मंजुरीचे पत्र छापून जवळ ठेवावे.

उद्यानाचे प्रवेशशुल्क युगांडा वन्यजीव प्राधिकरण आकारते. परदेशी पाहुणे, युगांडात राहणारे परदेशी आणि पूर्व आफ्रिकेचे नागरिक असे त्याचे वेगवेगळे दर आहेत. म्हणून राजधानी कंपालात नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनी वास्तव्य परवाना बरोबर न्यावा, कारण फरक चांगलाच असतो. प्रवेश 24 तासांपुरता असतो. कंपालाहून गुलू-कितगुममार्गे जाण्यातच अख्खा दिवस मोडतो, तेव्हा मुक्काम आधी ठरवावा. पायी भ्रमंती सशस्त्र रेंजरसोबतच करता येते.

परतीच्या प्रवासात पिवळी पुस्तिका हातातील पिशवीतच असावी. ती नसल्यास भारतीय विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.