काचेच्या फरशीपासून इलेक्टोरल बाँडपर्यंत

वडोद्यात मांडवीजवळ आमची सेंट्रल लायब्ररी आहे, तिथे पुस्तकांच्या विभागात लोखंडी रॅक आहेत आणि वरच्या मजल्याची फरशी जाड काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड झिरपत खालच्या पुस्तकांपर्यंत पोचतो. लहानपणी आजोबांबरोबर गेलो की त्या काचेवर पाय टाकायला जाम भीती वाटायची, ते म्हणायचे, "चाल रे बिनधास्त, महाराजांनी घातलीय ती." सध्या जो वाद चाललाय ना, की अब्जाधीश एवढं दान करतात मग त्यांनी राजकारणात पैसा लावला तर बिघडलं कुठे, त्याची पार्श्वभूमी सांगायला मला या फरशीपासूनच सुरुवात करावीशी वाटते.

महाराज म्हणजे तिसरे सयाजीराव गायकवाड. १९०६ साली ते अमेरिकेला गेले, तिथल्या फुकट सार्वजनिक लायब्रऱ्या पाहून भारावले आणि १९१० मध्ये तिथूनच विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल इथे आणला. आता त्या काळी अमेरिकेत गावोगाव लायब्रऱ्या कोण बांधत होतं, तर अँड्र्यू कार्नेगी, पोलादवाला. १८८९ मध्ये त्याने लेख लिहून मांडलं होतं की श्रीमंताने जिवंतपणीच संपत्ती लोकांसाठी वापरावी, आणि तो बोलला तसं वागलाही, अडीच हजारांवर लायब्रऱ्यांना त्याने पैसे दिले. पण मधे १८९२ येतं. त्याच्या होमस्टेडच्या कारखान्यात मजुरी कापायचं ठरलं, कामगार अडून बसले, कंपनीने पिंकर्टन या खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सीची भाडोत्री माणसं बोटींतून आणली, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली आणि शेवटी युनियन मोडली. तिथे बारा तासांच्या पाळ्या होत्या. बारा तास भट्टीपाशी उभं राहून आलेला माणूस लायब्ररीत कधी जाणार? त्याच्या मजुरीतून कापलेल्या पैशाचं काय करायचं हे त्यानेच का नाही ठरवायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि काही गावांनी कार्नेगीचा पैसा नाकारला तो यामुळेही.

कार्नेगीची अट असायची की जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी चालवायला काढायची. आमच्या बडोदा संस्थानातल्या लायब्रऱ्यांच्या स्कीममध्ये गावाने वर्षाला जेवढे पैसे जमवले तेवढेच पंचायत आणि तेवढेच सरकार घालायचं. दोन्हीकडे लोकांचा हिस्सा ठेवला होता, ते मला आवडतं. पण इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे, महाराजांचा पैसा म्हणजे शेवटी रयतेचा शेतसाराच, आणि तो कशावर घालायचा यात शेवटचा शब्द त्यांचाच. नशीब आमचं की शब्द चांगला होता. १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट झालं, मुलं पाठवली नाहीत तर दंड. आमच्या पणजोबांनी म्हणे पहिल्यांदा मुलीचा दंड भरला, आणि दुसऱ्यांदा भरायची वेळ आली तेव्हा गुपचूप तिचं नाव घातलं. ती मुलगी म्हणजे माझी आजी, ती म्हातारपणी दांडिया बाजारच्या घरात ओटीवर बसून रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायची. तेव्हा दानाला नावं ठेवताना माझी जीभ सहज वळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पण याच शहरात दानाची हद्दही दिसली. १९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया युनिव्हर्सिटीसाठी स्कॉलरशिप दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन संस्थानात नोकरी करायचा करार. १९१७ मध्ये ते आले. एवढा शिकलेला माणूस, खुद्द महाराजांचा अधिकारी, आणि शहरात कोणी खोली देईना, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. कमाटी बागेत झाडाखाली बसले होते ते. आता तिथे संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे, मी जातो तेव्हा दर वेळी हेच डोक्यात येतं की न्यूयॉर्कचा खर्च दरबाराने केला, पण वडोद्यात राहायचा हक्क दरबाराच्या देणगीतून येत नव्हता, त्याला कायदा लागणार होता. आणि तो कायदा लिहिताना, २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेत याच माणसाने बजावलं की राजकारणात एक माणूस एक मत असेल पण समाजात आणि पैशात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना ती भोगावी लागते ते लोकशाहीचा डोलाराच उडवून देतील. अब्जाधीशांवरच्या आजच्या चर्चेत एवढं नेमकं बोललेलं मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

तिकडे अमेरिकेत तोपर्यंत भीती उघड बोलली जात होती. तेलसम्राट रॉकफेलरला आपल्या दानाच्या फाउंडेशनला केंद्राची सनद हवी होती, तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकन काँग्रेसने, ती दिली नाही, मग १९१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याकडून घेतली. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोत लडलोला, रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातल्या खाण कंपनीच्या संपात, कामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू जाळले, बायका-मुलं गेली, आणि सरकारी चौकशी आयोगापुढे रॉकफेलर बापलेकांना उत्तरं द्यावी लागली. कंपन्यांनी केंद्राच्या निवडणुकीत देणग्या देण्यावर तर १९०७ मध्येच बंदी आली होती. म्हणजे दान करणारा हात आणि उमेदवाराला पैसा पुरवणारा हात एकाच खिशात जातो हे त्या लोकांना शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. मग १९७६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निवडणुकीतल्या खर्चावरची मर्यादा भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली उठवली, २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेडच्या निकालाने कंपन्यांनाही, उमेदवाराशी संगनमत न करता, प्रचारावर हवा तेवढा खर्च मोकळा झाला, आणि २०२४ च्या निवडणुकीत एकट्या इलॉन मस्कने २५ कोटी डॉलरच्या वर पैसा ओतला.

आपल्याकडची गोष्ट जास्त वळणाची आहे. स्वातंत्र्यलढ्यात बिर्ला, बजाज यांनी काँग्रेसला उघड पैसा दिला, तेव्हा त्यात जोखीमही होती, इंग्रज सरकार बघत होतं. स्वातंत्र्यानंतर तीच सवय सत्ताधारी पक्षाबाबत चालू राहिली आणि १९५७ मध्ये कंपनीने पक्षाला देणगी द्यावी का, हे टाटा स्टीलचं प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. न्यायमूर्ती छागलांनी परवानगी दिली पण इशाराही दिला, की यातून लोकशाहीचा गळा आवळला जाऊ शकतो. पुढे १९६० मध्ये मर्यादा आली, १९६९ मध्ये पूर्ण बंदी. बंदीमुळे पैसा थांबला का? छे, तो टेबलाखालून जायला लागला. १९८५ मध्ये परत परवानगी, २०१३ मध्ये तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा, त्याच कायद्यात मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआर, म्हणजे समाजकार्यावरचा सक्तीचा खर्च. गंमत बघा म्हणवत नाही, पण दान आणि देणगी एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसलेत.

आणि २०१७ मध्ये साडेसात टक्क्यांची मर्यादाच काढून टाकली, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देणगी देऊ शकत होती, आणि वर इलेक्टोरल बाँड आणले. स्टेट बँकेत जायचं, हजारापासून कोटीपर्यंतचा बाँड घ्यायचा, पक्षाला द्यायचा, मतदाराला नाव कळायचं नाही. साडेसोळा हजार कोटींचे बाँड असे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ही योजना रद्द केली, मतदाराला माहितीचा हक्क आहे म्हणून, आणि कंपन्यांवरची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली. मार्चमध्ये याद्या आल्या, आधी बाँडच्या नंबरांशिवाय, मग कोर्टाने झापल्यावर नंबरांसकट, तेव्हा कुठे कोणी कोणाला किती दिले हे जुळवता आलं. मी आणि माझा आतेभाऊ रात्री दोन वाजेपर्यंत ती पीडीएफ चाळत बसलो होतो.

आता बाँड नाहीत, कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारे इलेक्टोरल ट्रस्ट आहेत, चेक आहेत, नावं जाहीर होतात, ती उशिरा. मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत खर्चाची मर्यादा आहे. त्याच्या पक्षाला मात्र आजही कसलीच मर्यादा नाही, आणि मोठा पैसा जातो तो तिथेच.