सीपी चेअर

सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या मुलाला आधाराशिवाय बसता येत नाही, त्याच्या अंगमापाने जुळवायची खुर्ची. या स्थितीत मेंदूला जन्माआधी, जन्मावेळी किंवा लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडतो. ती इजा पुढे वाढत नाही. पण मूल दिवसभर पाठीवर पडून राहिले तर कणा वाकू लागतो, खुबा सरकतो, छातीत कफ साचतो. नीट बसलेल्या मुलाचे हात मोकळे होतात आणि त्याला समोरच्याचा चेहरा दिसतो.

भारतात या खुर्च्या दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून (१९८१ पासून), कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीच्या शिबिरांतून किंवा सेवाभावी संस्था आणि दात्यांकडून मिळतात. शिबिरात आधी तपासणी होते, वाटप नंतर. मधल्या महिन्यांत मूल वाढते, म्हणून वाटपाच्या दिवशी माप पुन्हा घ्यावेच लागते.

मापे मूल बसते करून घेतात. बैठकीची रुंदी म्हणजे कमरेची रुंदी आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा. खोली म्हणजे पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर, त्यातून दोन-तीन सेंटिमीटर वजा. पायपाट असा लावायचा की टाच टेकली पाहिजे आणि मांडी उचलली जाता कामा नये. ट्रे कोपराच्या उंचीला.

बसवताना आधी कंबर, मग बाकीचे अंग. ताठरलेल्या मुलाला हात धरून ओढू नये. गुडघे पोटाकडे दुमडले की ताठरपणा सैल पडतो. कंबर थेट मागे टेकवून पट्टा मांड्यांच्या मुळाशी, बैठकीशी साधारण ४५ अंशांत तिरपा बांधतात. तो पोटावर आला तर मूल खालून घसरते.

सर्वांत जास्त घडणारी चूक मायेपोटीच होते: ‘पोर वाढतेय, दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठी खुर्ची घेतली जाते. बैठक खोल असली की मूल पुढे सरकून माकडहाडावर बसते, पाठीला पोक येतो, हनुवटी छातीला लागते. दुसरी चूक भरवताना होते. मान मागे टाकून घास दिला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. मान सरळ आणि हनुवटी किंचित खाली हवी.

सुरुवातीला १५-२० मिनिटेच बसवावे. उठवल्यावर माकडहाड, खुबे, टाचा पाहाव्यात. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर तिथे दाब पडतो आहे. तशीच खुर्ची वापरत राहिल्यास जखम होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत व्हीलचेअर-सेवेच्या आठ पायऱ्या आहेत. तपासणी, जुळवणी, घरच्यांना शिकवणे, दुरुस्ती आणि पाठपुरावा हे त्यांत खुर्चीइतकेच महत्त्वाचे. आपल्याकडे देणगी मात्र बहुधा खुर्चीलाच मिळते, फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्यांना नाही. मग पट्टा तुटला, फोम दबला की खुर्ची माळ्यावर जाते. दात्याने दर सहा महिन्यांच्या फेरतपासणीचा आणि सुट्या भागांचा खर्चही उचलावा. देण्यापूर्वी घराचे दार मोजावे, उंबरा पाहावा.

लहान पडलेली खुर्ची संस्थेकडे परत द्यावी. फोम, पट्टे, अभ्रे बदलून ती दुसऱ्या मुलाला देता येते, मात्र त्याचे माप नव्याने घेऊनच. खुर्ची मिळेपर्यंत जाड पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून केलेली कोपऱ्याची बैठकही उपयोगी पडते. थर पूर्ण वाळू द्यावेत आणि वरून रंग द्यावा, नाहीतर लाळेने आणि सांडलेल्या पाण्याने ती मऊ पडते.