पार्श्वभूमी : कोल्हापूरची कला पुण्याकडे का बघते?

नाटक असो की लघुपट, कोल्हापुरात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘हितं करून काय उपयोग, पुण्याला जायला पायजे.’ या समजाची मुळं जुनी आहेत. इथल्या मूकपट कंपनीचा पहिला चित्रपट १९२० साली लोकांपुढे आला, तोच पुण्यात. मात्र कंपनीचा प्रमुख मुळात चित्रकार होता. पोस्टरं घरच्या घरीच रंगवली जात. चित्रपट काढणं आणि तो लोकांपर्यंत नेणं ही दोन खाती तेव्हा वेगळी नव्हती.

पुढे तिथलेच काही जण बाहेर पडले आणि १९२९ साली पाच भागीदारांनी नवी कंपनी काढली. १९३२ साली त्यांनी पहिला मराठी बोलपट केला, तोही मराठीबरोबर हिंदीत. प्रेक्षक मोठा हवा, हे त्यांनी आधीच हेरलं होतं. पुढच्याच वर्षी कंपनी पुण्याला हलली.

या स्थलांतराबद्दल कोल्हापुरात अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, गावाला सोडून गेले. दुसरा नकाशा दाखवतो. मिरजेहून कोल्हापूरला येणारी रेल्वे म्हणजे फाटा, आणि इथून पुण्यापर्यंत मीटरगेज, म्हणजे मुंबई-पुणे मार्गापेक्षा अरुंद रूळ. मुंबईचा माल पुण्यात उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. कच्ची फिल्म मुंबईहून यायची, तयार रिळं मुंबईला जायची. धंद्याच्या हिशेबाने निर्णय बरोबरच होता, असं माझं ठाम मत आहे. पुण्यात काढलेला त्यांचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला.

पण त्यातून ‘कोल्हापुरात काही उरलं नाही’ असा जो अर्थ काढला जातो, तो चूक आहे. दरबाराच्या पाठबळावर इथे लगेच नवे स्टुडिओ उभे राहिले. पुढची कित्येक वर्षं ग्रामीण आणि तमाशापट इथे तयार झाले. कॅमेरामन, नेपथ्यकार, नट, मेकअपवाले सगळे इथलेच. गेलं ते विकण्याचं कसब. वितरकाची उचल आणि थिएटरच्या तारखा मुंबईत ठरू लागल्या. नंतर मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरी आली. तिने चित्रीकरणाला जागा दिली, वितरणाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

नाटकाची गत वेगळी नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी महिनोन्‌महिने तालमी होतात, आणि अनेक नाटकांचा स्पर्धेतला प्रयोग हाच शेवटचा ठरतो. त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये शाहू काळातलं नाट्यगृह आगीत जळालं आणि गावातल्या गटांचा हक्काचा रंगमंच गेला.

आज यूट्यूबवर लघुपट चढवायला वितरक लागत नाही. पण पोस्टर, ट्रेलर, सबटायटल, महोत्सवांची प्रवेश फी हे सगळं दिग्दर्शकाच्याच अंगावर पडतं. कॅमेऱ्याचं भाडं आणि जेवणखाण खर्चात धरलेलं असतं. पोस्टर-ट्रेलरसारख्या कामांसाठी वेगळे पैसे क्वचितच कुणी काढून ठेवतं.