एडीएचडी आणि उद्याचा विचार : पार्श्वभूमी

एडीएचडी (अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता यांचा विकार) म्हणजे लक्ष न लागणं, ही समजूत मुख्यतः 1980 सालची. मानसिक विकारांच्या 1968च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत सगळा भर मुलांच्या अतिचंचलतेवर होता. 1980च्या आवृत्तीनं अवधान पुढे आणलं आणि चंचलता नसलेला प्रकारही मान्य केला. 1987मध्ये सगळी लक्षणं पुन्हा एकाच यादीत घातली, 1994मध्ये तीन उपप्रकार पाडले. चंचलता आधी की अवधान, यावर एवढी ओढाताण झाली. पण पुढचं डोळ्यांसमोर आणता येणं हा मुद्दा बाजूलाच पडला.

खरं तर तो जुना आहे. 1902मध्ये लंडनच्या एका बालरोगतज्ज्ञानं लिहून ठेवलं होतं की ही मुलं स्वतःचंच दूरचं हित न पाहता आत्ताच्या सुखावर झडप घालतात. मात्र त्यानं याला नैतिक संयमाचा अभाव म्हटलं.

1990च्या दशकात विषय पुन्हा वर आला, तो दोन वाटांनी. 1992च्या एका ब्रिटिश प्रयोगात मुलांना लगेच एक गुण किंवा थांबून दोन, असा पर्याय होता. चंचल मुलं एकच गुण घेत, कारण त्यानं खेळ लवकर आटपे. लवकर घेऊनही सुटका होणार नाही असं केल्यावर तीच मुलं इतरांइतकीच थांबली. म्हणजे थांबता येत नव्हतं असं नाही, थांबणं नकोसं होतं. दुसरी वाट 1997च्या अमेरिकी सिद्धान्ताची: मूळ दोष स्वतःला आवरण्यात, आणि म्हणून मागचं आठवून पुढचं आखण्यात. दिवा काही सेकंद लावून दाखवायचा आणि तेवढाच वेळ तो लावून ठेवायला सांगायचं, अशा चाचण्यांत ही मुलं जास्त चुकत. पालकांना आणि रुग्णांना दुसरं स्पष्टीकरण पटकन पटलं. माझ्या मते पहिल्याकडे मात्र विनाकारण दुर्लक्ष झालं.

मेंदूच्या अभ्यासानं यात भर घातली. भविष्याची कल्पना करताना आठवणींचीच यंत्रणा वापरली जाते, हे 2007च्या सुमारास ठळक झालं. याच कामात गुंतलेलं मेंदूतलं जाळं हातातल्या कामाच्या वेळी शांत व्हायला हवं. एडीएचडीत ते पुरेसं शांत होत नाही, असं गृहीतक त्याच वर्षी मांडलं गेलं. त्यामुळे मन सतत पुढेमागे भटकतं, पण भटकणं म्हणजे आखणी नव्हे. परीक्षेचा फॉर्म भरायचाय हे दिवसभर डोक्यात घोळतं, आणि तरी शेवटची तारीख उलटून जाते.

निदानपुस्तिकेच्या 2013च्या आवृत्तीत, लक्षणं ज्या वयाआधी दिसायला हवीत ती मर्यादा 7वरून 12वर गेली आणि मोठ्यांसाठी आवश्यक लक्षणांची संख्या 6वरून 5वर आली. वेळेचं नियोजन न जमणं आणि मुदती चुकणं यांचाही उल्लेख झाला, पण अव्यवस्थितपणाच्या लक्षणाखाली, कंसातलं उदाहरण म्हणून. नोकरीतली चाळिशीची माणसं डॉक्टरांकडे जातात ती बहुतेक याच तक्रारी घेऊन.