ईडीला एमओपी मिळालंच नव्हतं

भाचा एमएस करायला पर्ड्यू विद्यापीठात गेला, तेव्हापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॉलेज बास्केटबॉलचं पीक आलंय. मध्यंतरी त्याने टाकलं, "मामा, आमचा झॅक ईडी दोनदा एमओपी होता, माहितेय ना?" (एमओपी म्हणजे कॉलेज बास्केटबॉलचा 'मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर' हा पुरस्कार. आणि हा पर्ड्यूचा खेळाडू, आडनावाचा ईडी. सकाळी सकाळी दारावर येणारी ईडी वेगळी.) मी लिहिलं, "एकदाही नव्हता." लगेच त्याने ईडीचा नेस्मिथ ट्रॉफी (कॉलेजच्या 'वर्षाच्या खेळाडू'ला देतात ती) हातात धरलेला फोटो पाठवला. "हे काय मग?"

हे वेगळं, बाबा. आणि ही चूक त्या एकट्याची नाही. यूट्यूबवरचे हिंदी-मराठी व्हिडिओ, एनबीए ड्राफ्टच्या (अमेरिकन व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या) वेळी येणाऱ्या पोस्टी, सगळीकडे 'कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू' या एका गाठोड्यात दोन निराळे पुरस्कार बांधलेले असतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवायची.

एनबीए बघणाऱ्याला मूळ फरक ठाऊक असतोच. 2015 साली सीझनचा एमव्हीपी, म्हणजे 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर', स्टेफ करी, फायनल्सचा एमव्हीपी आंद्रे इगुडाला. एक पुरस्कार सहा महिन्यांच्या खेळाचा, दुसरा शेवटच्या मालिकेचा. तिथे कुणी गोंधळत नाही. कॉलेजमध्येही ढोबळमानाने तसंच आहे. नेस्मिथ, वुडन वगैरे 'प्लेअर ऑफ द इयर' हे सबंध सीझनचे आणि 'मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर', म्हणजे एमओपी, हा एनसीएए स्पर्धेच्या (अमेरिकेतल्या कॉलेज संघांची वार्षिक स्पर्धा) फायनल फोरचा, म्हणजे उरलेल्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांचा. पण एनबीएची पट्टी जशीच्या तशी इथे लावली की घसरायला होतं, कारण कॉलेजचे हे दोन पुरस्कार एकमेकांपासून फार लांब उभे आहेत. एनबीएत असतात त्याहून कितीतरी लांब.

पहिली गोष्ट मतं कधी पडतात ही. असोसिएटेड प्रेसच्या प्लेअर ऑफ द इयरसाठी पत्रकार एनसीएए स्पर्धा सुरू होण्याआधीच मत देऊन मोकळे होतात. बाकीच्या काही पुरस्कारांचं मतदान स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांपर्यंत रेंगाळतं, पण फायनल त्यात धरलेली नसते. निकाल मात्र जाहीर होतात नेमके फायनल फोरच्या आसपास. घोळाचं मूळ इथे आहे. एकाच आठवड्यात ट्रॉफ्यांचे फोटो येतात, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं हे सगळं त्याच स्पर्धेचं बक्षीस.

2023 चं ईडीचं उदाहरण घ्या. सात फूट चार इंचांचा हा कॅनडाचा गडी सीझनभर सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू काढत होता. पर्ड्यूला पहिलं मानांकन मिळालं आणि पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या फेअर्ली डिकिन्सन या चिमुकल्या कॉलेजने त्यांना 63-58 असं घरी धाडलं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ही इतिहासातली दुसरीच वेळ. अशी नामुष्की झाल्यावर पंधरा दिवसांनी तोच ईडी वर्षाचा खेळाडू जाहीर झाला. आणि ते बरोबरच होतं! नोव्हेंबर ते मार्च जो खेळला त्याचा तो हिशोब होता. त्या वर्षीचं एमओपी गेलं कनेटिकटच्या अदामा सानोगोकडे. ईडी तोवर सुट्टीवर होता.

पुढच्या वर्षी ईडी पुन्हा वर्षाचा खेळाडू झाला. लागोपाठ दोनदा असा मान 1980 च्या दशकातल्या राल्फ सॅम्पसननंतर पुरुषांत कुणालाच मिळाला नव्हता. या वेळी पर्ड्यू थेट फायनलला पोचलं, 1969 नंतर पहिल्यांदा. ईडीने फायनलमध्ये 37 पॉइंट काढले. कनेटिकटने सामना 75-60 असा खिशात घातला आणि एमओपी मिळालं त्यांच्या 20 पॉइंट काढणाऱ्या ट्रिस्टन न्यूटनला. तर भाचेबुवा, दोनदा वर्षाचा खेळाडू, शून्य वेळा एमओपी. मोजून घ्या.

दुसरी गोष्ट एमओपीचा आवाका. इथे जाणकार म्हणवणारेही अडखळतात. एमओपी सबंध 'मार्च मॅडनेस'चं (एनसीएए स्पर्धेचं हे टोपणनाव) नाही. स्पर्धेत 68 संघ, तीन आठवडे धुमश्चक्री, पण एमओपीसाठी बघितला जातो फक्त शेवटचा वीकेंड. उपांत्य सामना आणि फायनल, दोनच सामने. एनबीए फायनल्स सात सामन्यांपर्यंत जाऊ शकते, तिथे एखादी वाईट रात्र भरून काढता येते. इथे दोन संध्याकाळी, बास.

याचा सगळ्यात मजेशीर बळी म्हणजे ड्यूकचा ख्रिश्चन लेटनर. 1992 साली केंटकीविरुद्ध शेवटच्या क्षणी मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडून आलेला लांब पास झेलून, गिरकी घेऊन त्याने मारलेला बास्केट अमेरिकेत दर मार्चला दाखवतात. आपल्याकडे चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर मियाँदादने मारलेला सिक्सर जसा पुन्हापुन्हा दाखवतात, तसा. फरक इतकाच की तिथे तो बघून निम्मी जनता तरी खूश होते. त्या सामन्यात लेटनरने दहापैकी दहा शॉट आणि दहापैकी दहा फ्री थ्रो घातले, 31 पॉइंट. ड्यूक 104-103 ने जिंकलं, पुढे विजेतेही झाले. लेटनर वर्षाचा खेळाडूही होता. आणि एमओपी? त्याच्याच संघातला बॉबी हर्ली. कारण केंटकीचा सामना रीजनल फायनल होता, फायनल फोरच्या आधीचा. एमओपीच्या खात्यात तो जमाच होत नाही. उपांत्य सामन्यात इंडियानाविरुद्ध लेटनर थंडावला तेव्हा हर्लीने 26 पॉइंट काढून ड्यूकला 81-78 असं तारून नेलं. लेटनरला एमओपी आदल्या वर्षी, 1991 मध्ये मिळालं होतं. '1992 चा एमओपी लेटनर' असं कुठे वाचलंत तर लिहिणाऱ्याने तो शॉट पाहिलाय, बाकी काही नाही, असं खुशाल समजा.

स्टेफ करीच्या बाबतीतही हेच. 'करी 2008 साली डेव्हिडसनकडून एमओपी होता' ही ओळ फिरते आणि ती अर्धीच खरी आहे. स्पर्धेचे चार विभाग असतात आणि प्रत्येक विभागाचाही एक मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर निवडतात. करी मिडवेस्ट विभागाचा होता. दहाव्या मानांकनाच्या डेव्हिडसनला त्याने गोंझागाविरुद्ध 40, जॉर्जटाउनविरुद्ध 30 आणि विस्कॉन्सिनविरुद्ध 33 पॉइंट काढून विभागाच्या फायनलपर्यंत ओढत नेलं. तिथे कॅन्ससकडून 59-57 अशी हार. म्हणजे फायनल फोर त्याने टीव्हीवर पाहिली. त्या वर्षीचा खरा एमओपी कॅन्ससचा मारिओ चाल्मर्स आणि वर्षाचा खेळाडू नॉर्थ कॅरोलायनाचा टायलर हॅन्सब्रो. तीन माणसं, तीन पाट्या.

तिसरी गोष्ट नावातच आहे आणि ती माझी दुखरी नस आहे. लोक सर्रास 'फायनल फोरचा एमव्हीपी' म्हणतात. नाव तसं नाही. 'आउटस्टँडिंग' म्हणजे उठून दिसलेला. तो जिंकलेल्या संघातला असावा असा नियम नाही, आणि जुन्या पत्रकारांनी हे मनावर घेतलं होतं. 1957 साली विल्ट चेंबरलेन, 1958 साली एल्जिन बेलर, 1959 साली जेरी वेस्ट, ओळीने तीन वर्षं फायनल हरलेल्या संघातला खेळाडू एमओपी झाला. वेस्टचं नशीब तर पाहा. वेस्ट व्हर्जिनिया 71-70 ने हरलं आणि हा एमओपी. दहा वर्षांनी, 1969 साली, त्याचा संघ लेकर्स एनबीए फायनल्स हरला आणि हा फायनल्स एमव्हीपी. हरून तो मान मिळवणारा एनबीएतला आजवरचा एकमेव.

1965 चं प्रकरण तर आजच्या कुणाला खरं वाटणार नाही. फायनलमध्ये यूसीएलएच्या गेल गुडरिचने 42 पॉइंट काढून संघाला विजेतेपद दिलं. एमओपी मिळालं प्रिन्स्टनच्या बिल ब्रॅडलीला, ज्याचा संघ तिसरा आला होता. तेव्हा उपांत्य फेरीत हरलेल्यांचा तिसऱ्या क्रमांकासाठी सामना व्हायचा, आता होत नाही. त्यात ब्रॅडलीने विचिटा स्टेटला 58 पॉइंट मारले. (हाच ब्रॅडली पुढे न्यू जर्सीचा सिनेटर झाला.)

पुरुषांत हरलेल्या संघातला शेवटचा एमओपी 1983 चा, ह्यूस्टनचा ओलाजुवान. फायनलमध्ये 20 पॉइंट, 18 रीबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटने शेवटच्या सेकंदाला डंक मारून 54-52 ने कप नेला. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं विजेत्या संघाबाहेर नजरच गेलेली नाही. महिलांमध्ये 1991 साली व्हर्जिनियाची डॉन स्टेली हरूनही एमओपी झाली होती.

म्हणूनच 2023 चा निर्णय मला अजून पटलेला नाही. आयोवाच्या केटलिन क्लार्कने उपांत्य सामन्यात एकही सामना न हरलेल्या साऊथ कॅरोलायनाविरुद्ध 41 पॉइंट काढले. त्या संघाची कोच हीच डॉन स्टेली, हा योगायोग. फायनलमध्ये क्लार्कचे आणखी 30, त्यात आठ थ्री-पॉइंटर. दोन सामन्यांत 71! एलएसयूने फायनल 102-85 अशी जिंकली आणि एमओपी दिलं एंजल रीसला. रीस उत्तमच खेळली. पण 'उठून दिसणं' हाच निकष असेल, तर त्या वीकेंडला क्लार्कपेक्षा जास्त उठून कोण दिसलं होतं? 2024 लाही तेच. आयोवा पुन्हा फायनल हरलं, एमओपी साऊथ कॅरोलायनाच्या कमिला कार्डोसोला. दोन्ही वर्षं वर्षाची खेळाडू मात्र क्लार्कच. विजेत्यांनाच द्यायचं असेल तर नाव बदला आणि एमव्हीपी म्हणा. मग मीही लोकांना टोकणं बंद करीन.

उठून दिसण्यासाठी पॉइंटच लागतात असंही नाही. 2012 च्या फायनलमध्ये केंटकीच्या अँथनी डेव्हिसने दहा शॉट मारले, एकच आत गेला. एकूण पॉइंट सहा. पण रीबाउंड 16, ब्लॉक (अडवलेले शॉट) 6, असिस्ट (बास्केट करून देणारे पास) 5. कॅन्ससवाल्यांना बास्केटखाली यायची धास्ती बसली होती. एमओपी त्याला देताना कुणी फारशी खळखळ केली नाही. तो वर्षाचा खेळाडूही होता. असा दुहेरी मान क्वचित जुळून येतो, आणि जेव्हा येतो तेव्हा गैरसमज आणखी पक्का करून जातो.

आता राहिला 'वर्षाचा खेळाडू' हा एकवचनी प्रयोग. एनबीएत एमव्हीपी एकच. कॉलेजात ही ट्रॉफी देणारी दुकानं अनेक आहेत. बहुतेक वर्षी सगळे एकाच नावावर येतात, म्हणून लक्षात येत नाही. 2003 साली आले नाहीत. नेस्मिथ आणि वुडन टेक्ससच्या टी. जे. फोर्डला, असोसिएटेड प्रेसचा आणि बास्केटबॉल लेखकांचा मान झेवियरच्या डेव्हिड वेस्टला, कोचेसच्या संघटनेचा कॅन्ससच्या निक कॉलिसनला. आणि एमओपी सिरॅक्यूजचा पहिल्या वर्षाचा पोरगा कार्मेलो अँथनी. त्याने उपांत्य सामन्यात फोर्डच्या टेक्ससला 33 पॉइंट मारून हरवलं आणि फायनलमध्ये कॉलिसनच्या कॅन्ससला 81-78. कॉलिसनने त्या रात्री 21 रीबाउंड घेतले, तरीही. तेव्हा '2003 चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू कोण' या प्रश्नाला 'कुणाच्या मते?' हा उलट प्रश्न हेच उत्तर.

नेस्मिथ आणि वुडन यांतला फरक विचारू नका, त्यात दम नाही. पहिला अटलांटाच्या क्लबचा, 1969 पासून, हा खेळ शोधणाऱ्या नेस्मिथ सरांच्या नावाने. दुसरा लॉस एंजेलिसच्या क्लबचा, 1977 पासून, यूसीएलएला दहा विजेतेपदं मिळवून देणाऱ्या जॉन वुडन सरांच्या नावाने, आणि त्यात अभ्यासाची किमान अट. मला विचाराल तर मी वुडनला झुकतं माप देतो, त्याला कारण काही नाही. वुडन स्वतः पर्ड्यूकडून खेळलेले, हे भाच्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर आठवडाभर ग्रुप बंद ठेवावा लागेल.

'ऑल-अमेरिकन' हा एक खेळाडू नाही, यादी असते. चार संस्थांच्या याद्यांना गुण देऊन एनसीएए 'कन्सेन्सस' यादी काढते. त्या यादीतला माणूस अमेरिकनच हवा असं नाही, ईडी कॅनडाचा आणि ओलाजुवान नायजेरियाचा. आणि 'मॅकडॉनल्ड्स ऑल-अमेरिकन' असं कुणाच्या परिचयात दिसलं, तर तो मान कॉलेजमधला नव्हेच. तो शाळकरी पोरांचा, कॉलेजात पाऊल टाकण्याआधीचा.

हे सगळं भाच्याला एका दमात व्हॉइस नोट करून पाठवलं. साडेसहा मिनिटांची. दोन निळ्या टिका आल्या. संध्याकाळी उत्तर आलं, "बरं मामा. पण म्हणजे फायनल फोरचा एमव्हीपी नाही, एवढंच ना?"