आकृतीतली रेष म्हणजे तारेची लांबी नव्हे

संगणक फीडरची (उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या लाइनची) आकृती आपोआप काढतो म्हणजे शहराचा नकाशाच लहान करतो, असं कोल्हापुरात आजही सर्रास ऐकू येतं. तसं नाही. या आकृतीत, म्हणजे सिंगल लाइन डायग्राममध्ये, अंतराला अर्थ नसतो. कोण कुणाला जोडलंय हेच मुख्य असतं. प्रोग्राम ३३/११ केव्ही उपकेंद्रापासून (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणणाऱ्या) निघून ब्रेकर (बिघाड झाल्यास वीज तोडणारा), आयसोलेटर (लाइनचा भाग वेगळा करणारा स्विच), ट्रान्सफॉर्मर अशी जोडणी धरत जातो आणि रेषा शक्यतो एकमेकींना छेदणार नाहीत अशा मांडतो. रंकाळ्याकाठी समोरासमोर असलेले दोन डीपी (खांबांवरचे ट्रान्सफॉर्मर) वेगळ्या फीडरवर असतील, तर आकृतीत ते दोन टोकांना जाऊ शकतात. आणि तेच योग्य! खांबावर चढणाऱ्या माणसाला अंतर नको असतं, वीज उलटी कुठून येऊ शकते ते आधी कळायला हवं. त्यासाठी उघडा ठेवलेला टाय स्विच, म्हणजे दोन फीडर एकमेकांना जोडू शकणारा स्विच, ठळक दिसलाच पाहिजे.