पर्यायी व पूरक मालाचा साठाखर्च

एकमेकांच्या जागी चालणाऱ्या किंवा एकमेकांसोबत खपणाऱ्या वस्तूंचा साठा, त्यांच्या मागणीतलं नातं धरून ठरवण्याची व्यापारी पद्धत. अर्थशास्त्र हे नातं मागणीच्या छेदक लवचिकतेने मोजतं. एकीचा भाव वाढल्यावर दुसरीची मागणी वाढली तर त्या वस्तू पर्यायी, घटली तर पूरक.

साठ्याचा खर्च तीन वाटांनी येतो: माल आणण्याचा, ठेवण्याचा आणि माल नसल्याचा. पहिल्या दोहोंचा मेळ घालणारं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं. त्यात एकाच वस्तूचा हिशेब आहे. दुकानात मात्र माल जोडीनं येतो. समजा, ठाण्याच्या किराणा दुकानाला तांदूळ आणि तूरडाळ यांचे वर्षाला प्रत्येकी ३०० कट्टे लागतात, खेपेचा खर्च १,२०० रुपये आणि कट्टा वर्षभर सांभाळण्याचा २०० रुपये. वेगवेगळ्या खेपा केल्या तर प्रत्येकाची किफायतशीर खेप ६० कट्ट्यांची आणि दोन्हींचा वर्षाचा खर्च २४,००० रुपये. दोन्ही एकाच टेम्पोत आणले तर प्रत्येकी सुमारे ४२ कट्टे पुरतात आणि खर्च १७,००० च्या आत येतो. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून (लोकांच्या तोंडी तो ‘वाशी मार्केट’च) ठाणे-बेलापूर रस्त्याने येणारा टेम्पो मिश्र मालाने भरलेला असतो, त्यामागचा हिशेब हाच.

पर्यायी मालात फायदा साठा कमी ठेवण्याचा. चार जातींच्या तांदळांची मागणी परस्परांवर अवलंबून नसेल, प्रत्येकीचे चढउतार सारख्याच आकाराचे असतील आणि गिऱ्हाईक कुठलाही तांदूळ आनंदाने घेत असेल, तर अडीनडीसाठी राखायचा जादा साठा निम्म्यावर येतो. प्रत्यक्षात इतकी बदली होत नाही. कोलम संपला तर काही जण इंद्रायणी नेतात. पण मोकळा भात हवा असलेल्याला चिकट इंद्रायणी चालत नाही. वाडा कोलमच मागणारा तर बहुधा तसाच परत जातो. बदली किती होते हे दुकानागणिक पाहावं लागतं.

पूरक मालाचं गणित उलट. दिवाळीआधीच्या आठवड्यात ठाण्याच्या जांभळी नाक्यावर गिऱ्हाईक चिवड्याच्या सामानाची यादी पुढे करतं: पातळ पोहे, डाळं, शेंगदाणे, सुकं खोबरं. पोहे संपलेत म्हटलं की यादी घडी होऊन पिशवीत जाते आणि शेजारच्या दुकानात उघडते. डाळं-शेंगदाण्यांचा नफाही त्या यादीबरोबर जातो. म्हणून पोह्यांच्या तुटवड्याची किंमत लावताना चिवड्याच्या अख्ख्या सामानाचा नफा धरावा लागतो आणि तो धरला की स्वस्त पोह्यांचा साठा महाग खोबऱ्यापेक्षा सढळ ठेवणं परवडतं. पर्यायी वस्तू संपली तर नुकसान बहुतेक वेळा दोन नफ्यांतल्या फरकाएवढंच होतं, कारण विक्री दुकानातच राहते.

या विषयातला सहज दुर्लक्षित राहणारा भाग विक्रीच्या वहीचा आहे. कोलम नसलेल्या आठवड्यात इंद्रायणीची विक्री फुगते. तो आकडा खरी मागणी समजून पुढची खेप मागवली की इंद्रायणी पडून राहते. पोहे नव्हते म्हणून डाळं खपलं नाही, तर वही सांगते की डाळ्याला मागणी नाही. पुढच्या वर्षी ते कमी मागवलं जातं आणि पोहे असूनही यादी अपुरी राहते. एका वस्तूचा तुटवडा असा दुसरीच्या आकड्यात शिरतो. संगणकावरची विक्रीनोंदही हीच चूक करते, कारण तिला फक्त झालेली विक्री दिसते. त्यासाठी माल नसलेले दिवस मोजणीतून वेगळे काढतात, आणि ‘नाही’ म्हणून परत पाठवलेली प्रत्येक मागणी, तिच्याऐवजी काय गेलं आणि सोबतचं काय राहिलं यासह, त्याच दिवशी लिहून ठेवतात.